चित्रांवर अ‍ॅनोटेशन करण्याच्या टूलमध्ये पाहणी आणि संपादन वेगळे कसे ठेवावे

अ‍ॅनोटेशन म्हणजे चित्रातल्या वस्तूंभोवती चौकटी काढून त्या कोणत्या वर्गाच्या आहेत हे नोंदवणे. असा मोठा फोटो झूम करून पाहताना तो थोडा डावीकडे सरकवायचा असतो. माउस दाबला जातो, ओढला जातो आणि फोटोऐवजी त्यावरची चौकट सहा पिक्सेल हलते. पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. ऑटोसेव्ह आपले काम करतो, बिघडलेली चौकट डेटासेटमध्ये जाते आणि तिथून एआय मॉडेलच्या प्रशिक्षणात. कुठेही लाल अक्षरांत एरर दिसत नाही. अ‍ॅनोटेशन टूलमधली सर्वांत महागडी चूक ही अशी बिनआवाजाची असते. ती होते कारण एकाच हालचालीचे दोन अर्थ आहेत आणि आत्ता कोणता लागू आहे हे स्क्रीन सांगत नाही.

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ मध्ये हातून घडणाऱ्या चुकांची जी वर्गवारी केली, तिच्यात या प्रकाराला ‘मोड एरर’ म्हटले आहे: माणसाची कृती बरोबर असते, पण यंत्र वेगळ्याच अवस्थेत असते. अशी चूक करणाऱ्याला जास्त लक्ष द्यायला सांगून काही साधत नाही. दिवसाला शेकडो चित्रे हाताळणाऱ्याचे लक्ष चित्रावर असते आणि ते तिथेच असायला हवे. अवस्था सांभाळण्याचे काम टूलने करायचे.

आधी हालचालींचा तक्ता

बटणे, रंग, आयकॉन यांच्याकडे वळण्याआधी एक कागद घ्या. डावीकडे हालचाली लिहा: रिकाम्या जागी क्लिक, आकारावर क्लिक, रिकाम्या जागी ओढणे, आकारावर ओढणे, डबल क्लिक, चाक फिरवणे, दोन बोटांनी चिमटा, डिलीट, एस्केप, बाणांच्या कळा. वर मोड, म्हणजे टूलच्या पाहणी आणि संपादन या अवस्था, लिहा आणि प्रत्येक चौकोन भरा. एखादा चौकोन भरताना टीममध्ये दोन मते पडली, तर वापरणाऱ्याचाही गोंधळ नेमका तिथेच होणार आहे.

भरताना एक नियम कडकपणे पाळा. नजर हलवणाऱ्या क्रिया, म्हणजे झूम आणि चित्र सरकवणे, दोन्ही मोडमध्ये एकाच हालचालीने व्हाव्यात. डेटा बदलणाऱ्या हालचाली फक्त संपादनात असाव्यात आणि पाहणीत त्या निरुपद्रवी असाव्यात. चाकाने झूम असेल तर दोन्हीकडे चाकानेच झूम. पाहणीत चाकाने झूम आणि संपादनात चाकाने ब्रशचा आकार, अशी वाटणी करू नका. ब्रशसाठी चौकोनी कंसाच्या कळा ठेवा, चित्रांवर काम करणाऱ्या बहुतेकांना त्या ओळखीच्या असतात.

खरी अडचण ओढण्याची. पाहणीत रिकाम्या जागी ओढले की चित्र सरकावे, ही सगळ्यांची अपेक्षा असते. संपादनात त्याच हालचालीने नवी चौकट काढता यावी, हीसुद्धा. या कोंडीतून सुटायचे तर ‘संपादन’ ही एक अवस्था नसून दोन आहेत हे मान्य करावे लागते: असलेला आकार दुरुस्त करणे आणि नवा आकार काढणे. दुरुस्तीच्या अवस्थेत रिकाम्या जागी ओढल्यास चित्रच सरकू द्या, कारण तिथे नवीन काही काढायचे नसते. नवा आकार फक्त तेव्हाच निघावा, जेव्हा वापरणाऱ्याने चौकटीचे किंवा पॉलिगॉनचे (बिंदू जोडून बनणाऱ्या बहुभुजाचे) टूल स्वतः उचलले आहे. असे केले की चुकून तयार झालेल्या इवल्याशा चौकटींचा कचरा जवळजवळ नाहीसा होतो.

टूल उचलल्यावर ते किती वेळ हातात राहावे? एका चित्रात दोन-तीनच वस्तू असतील तर एक आकार काढल्यावर टूल आपोआप खाली ठेवलेले बरे. गर्दीच्या फोटोत चाळीस चौकटी काढायच्या असतील तर दर वेळी टूल पुन्हा उचलणे म्हणजे शिक्षा. दोन्ही द्या: एका क्लिकने एकदाच, डबल क्लिकने पक्के धरलेले, आणि पक्के असताना टूलच्या बटणावर छोटे कुलूप दिसू द्या. टूल हातात असेपर्यंत जुन्या आकारांनी माउसला अजिबात प्रतिसाद देऊ नये. नाहीतर मोठ्या चौकटीच्या पोटात छोटी चौकट काढायला जावे आणि मोठीच हलावी, असे होते. गाडीच्या चौकटीत नंबरप्लेटची चौकट काढायची असली की हे रोज घडते.

टूल हातात असतानाही चित्र सरकवायची गरज पडतेच. त्यासाठी स्पेसबार दाबून ओढणे आणि माउसचे मधले बटण, असे दोन्ही मार्ग ठेवा. स्पेसबार सोडला की हातातले टूल परत येते. ही धरून ठेवण्याची पद्धत सोयीची तर आहेच, शिवाय तिच्या बाजूने पुरावाही आहे. सेलन, कुर्टेनबाख आणि बक्स्टन या संशोधकांच्या १९९२ च्या प्रयोगांत असे दिसले, की पायाने पेडल दाबून ठेवून मोड टिकवला तर मोडच्या चुका कमी होतात. पडद्यावर फक्त रंग बदलून मोड दाखवण्यापेक्षा हा उपाय सरस ठरला. स्नायूंवर ताण असला की आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे शरीरच आठवून देते. म्हणून ज्या अवस्था क्षणभरच लागतात त्या धरून ठेवण्याच्या करा: सरकवण्यासाठी स्पेसबार, सगळी अ‍ॅनोटेशन क्षणभर लपवून खालचे मूळ चित्र पाहण्यासाठी एच ही कळ. लपवण्याची कळ टॉगल (एकदा दाबून चालू, पुन्हा दाबून बंद) ठेवली तर कोणीतरी चौकटी लपलेल्या असतानाच ‘इथे काहीच नाही’ असे समजून त्या पुन्हा काढतो.

क्लिक कुठे संपते आणि ओढणे कुठे सुरू होते

हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. क्लिक करतानाही पॉइंटर एक-दोन पिक्सेल घसरतो. म्हणून ठरावीक अंतर ओलांडेपर्यंत हालचालीला ओढणे समजू नका. विंडोजमध्ये हे अंतर मुळात ४ पिक्सेल असते आणि माउससाठी तेवढे पुरते. बोटासाठी ८ ते १० ठेवा. हे अंतर स्क्रीनच्या पिक्सेलमध्ये मोजायचे, चित्राच्या नाही. ४००० पिक्सेल रुंदीचे चित्र १००० पिक्सेलच्या जागेत बसवले असेल तर स्क्रीनवरचा एक पिक्सेल म्हणजे चित्रातले चार. मर्यादा नसेल तर तिथे सर्वांत हलका धक्कासुद्धा चौकट चार पिक्सेलने हलवतो.

इथे एक बारीक चूक फार ठिकाणी सापडते. मर्यादा ओलांडली की कोड अंतर मूळ दाबलेल्या जागेपासून मोजतो आणि आकार एकदम ४ पिक्सेलची उडी मारतो. वरच्या उदाहरणात ती उडी चित्रातल्या १६ पिक्सेलची होते. कडा बारकाईने जुळवणाऱ्याला ती भलतीच त्रासदायक वाटते. हँडल, म्हणजे आकार बदलण्यासाठी कडांवर दिसणाऱ्या छोट्या खुणा, ओढताना अंतर मर्यादा ओलांडल्याच्या बिंदूपासून मोजा, म्हणजे हालचाल शून्यापासून सुरू होते.

निवड आणि हलवणे एकाच झटक्यात होऊ देऊ नका. पहिला क्लिक आकार निवडेल, निवडलेला आकारच पुढच्या ओढण्याने हलेल. न निवडलेल्या आकारावरून ओढले तर चित्र सरकावे. यामुळे एक क्लिक वाढतो, हे खरे. पण सुरुवातीला सांगितलेली सहा पिक्सेलची चूक याच एका क्लिकने थांबते, म्हणून तो वाचवायच्या मोहात पडू नका.

मोड नजरेच्या टप्प्यात दाखवा

वरच्या कोपऱ्यातला ‘संपादन चालू’ असा छोटा मजकूर कोणी वाचत नाही. डोळे पॉइंटरपाशी असतात, तेव्हा पहिली खूण पॉइंटरवरच हवी. पाहणीत उघडा पंजा, सरकवताना मिटलेला पंजा. टूल हातात असताना अधिकचे चिन्ह. निवडलेल्या आकारावर चार दिशांचे बाण, कोपऱ्यावर तिरका बाण. पाहणीत आकारावर पॉइंटर नेला की हलवण्याचे चिन्ह दाखवू नका. ते दिसले की माणूस हलवायला जातो, आणि मग काहीच झाले नाही की त्याला टूल बिघडल्यासारखे वाटते.

टचस्क्रीनवर पॉइंटर नसतो. तिथे दुसरी खूण कामी येते: संपादनात चित्राच्या क्षेत्राभोवती ३-४ पिक्सेलची ठळक किनार. ती चित्राच्या बाहेर असावी, चित्रावर नको, नाहीतर कडेच्या वस्तू झाकल्या जातात.

रंगाबाबत एक ठाम मत: मोड दाखवायला आकारांचा रंग कधीही बदलू नका. या टूलमध्ये रंग हा डेटा आहे. निळा म्हणजे वाहन, नारिंगी म्हणजे पादचारी. संपादनात निवडलेली चौकट पिवळी झाली की तिचा वर्ग दिसेनासा होतो, आणि पिवळा हाच एखाद्या वर्गाचा रंग असेल तर घोळ आणखी वाढतो. निवड आणि मोड यांसाठी दुसरी साधने आहेत. पाहणीत बारीक रेघ आणि हँडल नाहीत. संपादनात निवडलेल्या आकाराला हँडल आणि जाड रेघ, बाकीचे आकार थोडे फिके. आतला भराव पाहणीत १० ते १५ टक्के, संपादनात शून्य, कारण कडा जुळवताना खालचे पिक्सेल स्वच्छ दिसायला हवेत.

खाली कुठले चित्र येईल याचा नेम नसतो: बर्फ, डांबर, एक्स-रे. एकाच रंगाची रेघ कुठेतरी बुडतेच. म्हणून रेघ दुहेरी काढा, आत वर्गाचा रंग आणि बाहेर १ पिक्सेल गडद किंवा पांढरी कड. डब्ल्यूसीएजी या वेबवरच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या निकषांत अशा दृश्य घटकांसाठी ३:१ कॉन्ट्रास्ट मागितला आहे, आणि बदलत्या पार्श्वभूमीवर तो गाठण्याचा हाच भरवशाचा मार्ग आहे.

मोड बदलण्याच्या बटणावरचा मजकूर हा छोटा पण चिवट प्रश्न आहे. एकाच बटणावर ‘संपादन’ लिहिले, तर आत्ता संपादन चालू आहे की दाबल्यावर होईल? दोन्ही अर्थ निघतात. बटणाचा रंग बदलूनही हा संशय जात नाही. ‘पाहणी’ आणि ‘संपादन’ अशी दोन शेजारी बटणे ठेवा आणि चालू असलेले भरीव दाखवा. जागा फारच कमी असेल तर क्रियापद वापरा: ‘संपादन सुरू करा’, आणि सुरू झाल्यावर ‘संपादन संपवा’.

मोड बदलताना चित्र जागचे हलता कामा नये. संपादन सुरू झाले की वर ४८ पिक्सेलचा टूलबार उगवतो आणि सगळे चित्र खाली ढकलले जाते. पॉइंटर आता भलत्याच वस्तूवर असतो आणि पुढचा क्लिक चुकतो. टूलबारची जागा आधीपासून राखून ठेवा, पाहणीत ती रिकामी राहिली तरी चालेल. झूमची पातळी आणि सरकवलेली जागाही तशीच टिकली पाहिजे. चूक सापडते ती झूम केल्यावर. ‘संपादन’ दाबताच चित्र पुन्हा पूर्ण आकारात दिसू लागले, तर ती चूक नव्याने शोधावी लागते, आणि दोन-तीनदा असे झाले की लोक कायम संपादन मोडमध्येच राहू लागतात. तिथे तुमची सगळी विभागणी वाया गेली.

हँडल आणि दाटीवाटी

हँडल दिसायला ८ ते १० पिक्सेलचे असले तरी त्याचे पकडक्षेत्र किमान २४ बाय २४ पिक्सेल ठेवा. डब्ल्यूसीएजी २.२ चे किमान मापही तेच आहे. टचसाठी ४४ धरा. झूम बदलला तरी हँडल आणि रेघ स्क्रीनवर तेवढीच राहिली पाहिजेत. ती चित्रासोबत मोठी होऊ दिली तर ८०० टक्के झूमवर एकच हँडल ६४ पिक्सेलचे होते आणि ज्या कडेसाठी झूम केला तीच झाकते.

लहान आकारांत हँडल एकमेकांवर चढतात. स्क्रीनवर आकार ४० पिक्सेलपेक्षा लहान दिसत असेल तर कडांच्या मधली हँडल काढून चारच कोपरे ठेवा. २४ पेक्षा लहान असेल तर कोपऱ्यांची हँडल बाहेर ढकला, म्हणजे मधला भाग हलवण्यासाठी मोकळा राहतो. त्याहून लहान आकारावर ‘झूम करा’ अशी सूचना देणे प्रामाणिकपणाचे. तिथे अंदाजाने ओढलेली कड अचूक येणारच नाही.

आकार एकमेकांवर असतील तर क्लिक कोणाचा, याचा क्रम पक्का ठरवा. निवडलेल्या आकाराचे हँडल सर्वांत आधी, मग त्याचा गाभा, मग बाकीच्यांपैकी सर्वांत कमी क्षेत्रफळाचा. फक्त ‘वरच्या थरातला’ असा नियम ठेवला तर शेवटी काढलेली मोठी चौकट खालच्या सगळ्या छोट्यांना गिळते. तरीही एखादा आकार हाताला लागत नाही, त्यासाठी ऑल्ट धरून क्लिक केल्यावर त्या बिंदूखालचे आकार पाळीपाळीने निवडले जाऊ देत. बाजूला आकारांची यादी असेल तर तिथूनही निवडता यावे.

पॉलिगॉनला आणखी एक अंतर्गत अवस्था असते: आकार निवडलेला आणि बिंदू निवडलेला. दोन्हींत डिलीट दाबल्यावर वेगळे घडते, तेव्हा निवडलेला बिंदू भरीव आणि बाकीचे पोकळ दाखवणे टाळता येण्यासारखे नाही. बिंदू हटवायला गेले आणि साठ बिंदूंचा पॉलिगॉन गेला, हा धक्का मोठा असतो. तीन बिंदू उरले असतील तर डिलीटने बिंदू काढू नका, त्रिकोणाखाली पॉलिगॉन उरत नाही. डबल क्लिकने पॉलिगॉन बंद होत असेल तर त्या डबल क्लिकचा पहिला आणि दुसरा क्लिक मिळून शेवटी एकाच जागी दोन बिंदू पडत नाहीत ना, हे तपासा.

आत जाणे, बाहेर पडणे, मध्येच अडकणे

एस्केपला पायऱ्या द्या. पहिला एस्केप चालू हालचाल रद्द करतो, दुसरा हातातले टूल खाली ठेवतो, तिसरा निवड सोडतो, चौथा पाहणीत नेतो. एका दाबाला एकच पायरी. पूर्ण झालेले बदल एस्केपने कधीच पुसले जाऊ नयेत. अर्धवट पॉलिगॉनसाठी बॅकस्पेसने शेवटचा बिंदू मागे घेण्याची सोय द्या, आणि एस्केपने सोडलेला पॉलिगॉनही अनडूने परत येऊ द्या.

आकारावर डबल क्लिक करून थेट संपादनात जाणे सोयीचे आहे, पण अनेक व्ह्यूअरमध्ये डबल क्लिक म्हणजे झूम. दोन्ही एकत्र ठेवू नका.

अडकलेले मोड बहुतेकदा हरवलेल्या घटनेमुळे तयार होतात. स्पेसबार दाबलेला असताना वापरणारा दुसऱ्या खिडकीत गेला, तर कळ सुटल्याची बातमी तुमच्या पानाला मिळतच नाही. परत आल्यावर चित्र नुसते सरकत राहते, काहीच निवडता येत नाही. खिडकीवरचे लक्ष गेले की धरलेल्या सगळ्या कळा सुटल्या असे माना. ओढताना पॉइंटर चित्राबाहेर गेला तरी घटना मिळाव्यात म्हणून पॉइंटर कॅप्चर (सगळ्या घटना एकाच घटकाकडे वळवण्याची ब्राउझरची सोय) लावा, आणि पॉइंटरकॅन्सल (ब्राउझरने हालचाल मध्येच तोडल्याची घटना) आला तर आकार मूळ जागी परत ठेवा. तिथे ‘सोडले’ असे समजून बदल पक्का करणे चूक आहे.

कोडमध्ये याची मुळे सहसा वेगवेगळ्या हो-नाही चलांत (व्हेरिएबलमध्ये) असतात. संपादन चालू, काढणे चालू, सरकवणे चालू, कुलूप लावलेले, अशी चार चले ठेवली की १६ जोड्या शक्य होतात, त्यातल्या पाच-सहाच अर्थपूर्ण असतात. उरलेल्या दहा म्हणजे येणारे बग. एकच ‘अवस्था’ चल ठेवा आणि कुठून कुठे जाता येते याची यादी एका जागी लिहा. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या स्टेटचार्टची, म्हणजे अवस्था आणि त्यांतले बदल आकृतीत मांडण्याची, पद्धत या कामाला चपखल बसते, कारण संपादनाच्या पोटात दुरुस्ती आणि काढणे अशी उतरंड तिच्यात सहज दाखवता येते.

शॉर्टकटची कळ दाबली तेव्हा फोकस मजकुराच्या रकान्यात तर नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहा. लेबलच्या रकान्यात कोणी शब्द टाइप करतो आणि त्यातल्या अक्षरांनी मागे टूल बदलत राहते. देवनागरी किंवा इतर लिपीचा कळफलक चालू असताना कळेचे अक्षर तपासणारा कोड निकामी होतो, तिथे कळेची जागा तपासा. एका अक्षराचे शॉर्टकट बंद करण्याची किंवा बदलण्याची सोय असावी, असे डब्ल्यूसीएजीही सांगते.

काहीही न करता संपादनातून बाहेर पडलो, तर काहीही बदलू नये

हे वाक्य स्वाभाविक वाटते, तरी बरीच टूल इथे नापास होतात. कारण साधे आहे: आकार स्क्रीनच्या पिक्सेलमध्ये आणला, पूर्णांक केला आणि परत लिहिला. चित्रातला १३३७ हा बिंदू २५ टक्के झूमवर ३३४.२५ होतो, पूर्णांकात ३३४, आणि परत जाताना १३३६. संपादन नुसते उघडून बंद केले, एक पिक्सेल गेला. प्रत्येक तपासनीसाने एकदा उघडले की चूक साचत जाते. निर्देशांक नेहमी मूळ चित्राच्या मापात ठेवा, स्क्रीनचे माप फक्त काढण्यासाठी गणा, आणि खरोखर बदल झाला नसेल तर सेव्हच करू नका.

पाहणी आणि संपादन यांना दोन वेगळे घटक चित्र दाखवत असतील तर फोटोतली एग्झिफ (फाइलसोबत कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती) दिशा तपासा. फोनच्या उभ्या फोटोत पिक्सेल बहुधा आडवे असतात आणि ‘९० अंश फिरवा’ अशी नोंद सोबत असते. आजचे ब्राउझर ती नोंद आपोआप मानतात, पण वेगळ्या लायब्ररीने उघडलेले पिक्सेल तसेच राहू शकतात. परिणामी पाहणीत बरोबर बसलेल्या चौकटी संपादनात आडव्या पडतात. दोन्ही मोडला एकच डिकोड केलेले चित्र आणि एकच रूपांतर पुरवा.

उजवीकडून डावीकडे ओढलेल्या चौकटीची रुंदी ऋण येते, ती साठवण्यापूर्वी सरळ करा. चित्राबाहेर गेलेला भाग कापा. ३ पिक्सेलपेक्षा लहान चौकट बहुधा अपघात असतो; ती गुपचूप टाकून देण्याऐवजी तयारच होऊ देऊ नका.

सेव्ह, अनडू आणि परवानगी

ऑटोसेव्ह असेल तर ‘सेव्ह’ आणि ‘रद्द करा’ ही बटणे ठेवू नका. ती दिसली की लोक गृहीत धरतात की दाबेपर्यंत काही पक्के नाही. ‘झाले’ एवढे एकच बटण आणि शेजारी शेवटच्या सेव्हची वेळ पुरते. उलट, हाताने सेव्ह करायची पद्धत असेल तर न सेव्ह केलेला बदल असताना पाहणीत जाताना विचारा, आणि पाहणीत कोणती आवृत्ती दिसते आहे ते लिहा. पाहणीत कच्चे बदल दिसत असतील आणि इतरांना जुने, तर दोघे एकाच चित्राबद्दल वेगवेगळे बोलत बसतात.

एक ओढणे म्हणजे अनडूची एकच पायरी. ओढताना आलेल्या शंभर घटना शंभर पायऱ्या होऊ देऊ नका. पाहणीत अनडू बंद ठेवा, कारण तिथे डेटा बदलायचा नाही हे वचन आहे. इतिहास मात्र जपून ठेवा, म्हणजे पुन्हा संपादनात आल्यावर तो मिळतो.

‘आत्ता संपादन चालू नाही’ आणि ‘तुम्हाला संपादनाची परवानगी नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात बटण दाबता येते. दुसऱ्यात बटण फिके करून सोडू नका, त्याचे कारणही लिहा: मंजूर झालेले चित्र, दुसऱ्याच्या हातात असलेले चित्र, फक्त पाहण्याचे खाते. आणि बंदी सर्व्हरवर तपासली गेली पाहिजे, पडद्यावर बटण लपवणे म्हणजे बंदी नव्हे. दोघांनी एकच चित्र उघडले असेल तर प्रत्येक सेव्हसोबत आवृत्तीचा क्रमांक पाठवा. सर्व्हरवर तो पुढे गेलेला असेल तर ४१२ (‘अट पूर्ण झाली नाही’ हा एचटीटीपी कोड) उत्तर द्या आणि दोन्ही रूपे शेजारी दाखवा. शेवटी सेव्ह करणाऱ्याचे ते खरे, हा नियम अ‍ॅनोटेशनमध्ये दुसऱ्याची तासाभराची मेहनत पुसतो.

तपासनीसांसाठी तिसरा मोड काढायची मागणी हमखास येते. शक्यतो काढू नका. पाहणी मोडलाच मंजूर, नामंजूर आणि टिप्पणी जोडा. आकारांना हात न लावता त्यांचे काम भागते.

बोट आणि कीबोर्ड

टचवर दोन बोटे नेहमी झूम आणि सरकवण्यासाठी, एक बोट मोडप्रमाणे. चिमटा घ्यायला जाताना पहिले बोट क्षणभर आधी टेकते आणि तेवढ्यात चौकट काढायला सुरुवात होते. दुसरे बोट टेकताच ती सुरुवात रद्द करा. ब्राउझरची स्वतःची सरकवण्याची वागणूक चित्राच्या क्षेत्रापुरती बंद करायला विसरू नका, नाहीतर अर्ध्यातच पॉइंटरकॅन्सल येतो.

ओढता न येणाऱ्यांसाठी पर्याय द्या: बाणांच्या कळांनी १ पिक्सेल, शिफ्टसह १०, आणि डावा कोपरा, रुंदी, उंची यांचे आकडे भरण्याचे रकाने. हे आकडे बारीक दुरुस्तीसाठी सगळ्यांनाच आवडतात. पाहणीत तेच रकाने नुसता मजकूर म्हणून दाखवा. मोड बदलल्याचे स्क्रीनरीडरला कळावे म्हणून विनम्र लाइव्ह रीजनमध्ये (बदललेला मजकूर स्क्रीनरीडर सवडीने वाचतो अशा भागात) ‘संपादन सुरू, १२ आकार’ असे छोटे वाक्य टाका.

तपासायचे कसे

पहिली चाचणी यंत्राने होते: शंभर चित्रे संपादनात उघडा, झूम बदला, बंद करा, आधीची आणि नंतरची फाइल जुळवा. एक अक्षरही वेगळे आले तर पुढे जाऊ नका.

दुसरी माणसांसोबत. पाच-सहा जणांना एकाच चित्रात आळीपाळीने ‘हे शोधा’ आणि ‘हे दुरुस्त करा’ अशी दहा-दहा कामे द्या. मध्येच थांबवून विचारा, ‘आत्ता ओढले तर काय होईल?’ उत्तर देण्यापूर्वी नजर कुठे जाते ते पाहा. ती कोपऱ्यातल्या बटणाकडे गेली तर पॉइंटरपाशी असलेली खूण पुरेशी नाही.

तिसरी चाचणी टूल वापरात आल्यावर चालू राहते. तीन घटनांची नोंद ठेवा: पाहणीत आकार ओढण्याचा प्रयत्न, संपादनात बदल केल्यापासून दोन सेकंदांत केलेला अनडू, आणि १० चित्रस्थ पिक्सेलपेक्षा कमी अंतराने झालेले हलवणे. पहिली जास्त असेल तर संपादनात जाण्याचा रस्ता दिसत नाही, तिथेच आकाराशेजारी ‘संपादन सुरू करा’ सुचवा. दुसरी जास्त असेल तर लोक संपादनात आहेत हे त्यांना कळत नाही. तिसरीतली प्रत्येक नोंद चूक नसते, बारीक दुरुस्तीही तशीच दिसते. म्हणून तिच्याआधी तोच आकार मुद्दाम निवडला होता का, हे सोबत नोंदवा. न निवडता हललेला एकही आकार सापडला, तर वरचा निवडीचा नियम कोडमध्ये कुठेतरी गळतो आहे.